यंत्राच्या दहा खुणा

विंडोज एक्सपी विक्रीला यायला अजून तीन-साडेतीन महिने होते. जुलै २००१ मध्ये बर्लिनच्या ‘फुली लायसन्स्ड’ नावाच्या छोट्या कंपनीने एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं. नव्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्ट ‘प्रॉडक्ट ॲक्टिव्हेशन’, म्हणजे प्रत बसवल्यावर कंपनीकडून मान्यता घेण्याची सक्ती, आणणार हे तोवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मायक्रोसॉफ्ट आपल्या संगणकातलं नेमकं काय वाचून नेणार, अशी शंकाही जगभर घेतली जात होती. बर्लिनच्या मंडळींनी चाचणीसाठी दिलेली आवृत्ती उकलून पाहिली आणि उत्तर दिलं. संगणकाच्या दहा बाबींची प्रत्येकी एक छोटीशी खूण काढली जाते आणि सगळ्या खुणा मिळून ६४ बिटांत मावतात. नेटवर्क कार्डाच्या पत्त्याला १० बिट, डिस्कच्या व्हॉल्यूम क्रमांकाला १०, सीडी ड्राइव्हला ७, हार्ड डिस्कच्या प्रकाराला ७, ग्राफिक्स कार्डाला ५ आणि रॅम किती आहे ते सांगायला अवघे ३. इतक्या थोड्या बिटांवरून मूळ क्रमांक पुन्हा काढता येत नाही. त्यामुळे खासगीपणाबद्दलची बरीचशी भीती अनाठायी होती.

दुसरा एक प्रश्न मात्र त्या गदारोळात मागेच राहिला. ज्या संगणकात यातलं नेटवर्क कार्ड, डिस्क, सीडी ड्राइव्ह काहीच खरं नसतं, त्याच्या खुणा कशा घ्यायच्या?

असे संगणक तेव्हा वापरात होतेच. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या व्हीएमवेअर कंपनीने मे १९९९ मध्ये ‘वर्कस्टेशन’ हा प्रोग्राम बाजारात आणला होता. एका संगणकात दुसरा संगणक चालवायचा, त्याचं सगळं हार्डवेअर प्रोग्रामनेच उभं करायचं आणि तो अख्खा संगणक डिस्कवर काही फायलींच्या रूपात ठेवायचा, अशी ती सोय. आतल्या अशा संगणकाला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. फाइल म्हटली की ती कॉपी करता येते, दुसऱ्या मशीनवर नेता येते, कालच्या स्थितीला परत आणता येते. ॲक्टिव्हेशनची ओळखपरेड मात्र टेबलावरच्या पत्र्याच्या खोक्यासाठी रचलेली होती. पुढची पंधराएक वर्षं या दोन गोष्टी एकमेकींना धडकत राहिल्या, आणि त्यात चेंगरला तो बहुतेक वेळा पैसे मोजून परवाना घेतलेला माणूस.

परवाना यंत्राला बांधण्याची कल्पना एक्सपीच्या कितीतरी आधीची आहे. २३ जून १९६९ रोजी आयबीएमने जाहीर केलं, की यापुढे काही सॉफ्टवेअर आणि सेवा यांचे पैसे यंत्रापासून वेगळे आकारले जातील. तोवर मेनफ्रेम घेतला की प्रोग्राम त्याच्याबरोबरच यायचे. प्रोग्रामला किंमत आली तशी त्याची राखणही करावी लागली. आयबीएमच्या सिस्टिम/३७० या मालिकेत प्रोसेसरची ओळख सांगणारी एक सूचना होती. तिने यंत्राचा मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक मिळे. प्रोग्रामने तो वाचायचा आणि आपण ठरलेल्याच यंत्रावर आहोत ना, याची खात्री करून घ्यायची, एवढं सोपं काम.

पण व्हर्च्युअल मशीनचा जन्मही त्याच घरातला. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या आयबीएम केंद्रात रॉबर्ट क्रीझी यांच्या चमूने साठच्या दशकात सीपी-४० ही प्रणाली उभी केली. तिच्यात एकाच मेनफ्रेमवर प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र यंत्र मिळाल्यासारखं वाटे. त्याच घराण्यातली व्हीएम/३७० ही प्रणाली २ ऑगस्ट १९७२ रोजी जाहीर झाली. तिच्या पोटात चालणाऱ्या प्रोग्रामने प्रोसेसरची ओळख विचारली, तर उत्तराच्या पहिल्या बाइटमध्ये ‘एफएफ’ येई. म्हणजे हे यंत्र व्हर्च्युअल आहे, हे यंत्रच सांगून टाकत असे. आजही तो प्रघात टिकून आहे. प्रोसेसरला ठरावीक प्रश्न विचारला की ‘व्हीएमवेअरव्हीएमवेअर’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट एचव्ही’ अशी अक्षरं हाती येतात. खोटं बोलण्याचा दोष व्हर्च्युअल मशीनकडे कधीच नव्हता. परवान्याची व्यवस्था आखणाऱ्यांनी पुष्कळ वर्षं तिला तो प्रश्न विचारलाच नाही.

पीसीच्या जगात ही गोष्ट अधिक कडवट झाली. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी बिल गेट्स यांनी छंद म्हणून संगणक जोडणाऱ्यांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं. आमचं ऑल्टेअर बेसिक तुमच्यातले बहुतेक जण फुकट उतरवून घेतात, ही त्यातली तक्रार. ऐंशीच्या दशकात लोटस १-२-३ चालवायचं तर मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालावी लागे. महागडे प्रोग्राम प्रिंटरच्या पोर्टला जोडायच्या डाँगलसोबत येऊ लागले.

महाराष्ट्रात डीटीपी करणाऱ्यांना ही वस्तू ‘लॉक’ या नावाने चांगली परिचयाची आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी असो की सी-डॅकचं आयएसएम, संगणकाच्या पाठीमागे लॉक नसेल तर मराठी टायपिंग अडलं म्हणून समजायचं. लॉक सांभाळणं ही जोखीम होती, हरवलं की मोठाच घोळ. तरी त्यात एक सरळपणा होता. संगणक बदलला की लॉकचे दोन स्क्रू सैल करायचे, नव्या संगणकाला ते लावायचं आणि पुढचं पान जुळवायला घ्यायचं. कुणाला फोन नको, कुणाची परवानगी नको. पुढे व्हर्च्युअल मशीन आल्यावर लॉक खऱ्या संगणकाला लावून आतल्या मशीनला जोडून देण्याची सोयही त्या प्रोग्रामांमध्ये मिळाली. परवाना हातात धरता येत होता, म्हणूनच तो हलवताही येत होता. एक्सपीच्या खुणांना ही सवलत नव्हती.

त्या खुणांची पद्धत मुळात जुलमी नव्हती, हे मान्य करायला हवं. एखादा भाग बदलला म्हणून लगेच अडवायचं नाही, असा हिशेब तिच्यात होता. टेबलावरच्या संगणकाचं नेटवर्क कार्ड तेच राहिलं असेल, तर बाकीच्यांपैकी सहा किंवा अधिक खुणा बदलेपर्यंत विंडोज गप्प राही. नेटवर्क कार्ड बदललेलं असेल किंवा मुळात नसेलच, तर मर्यादा चारवर येई. लॅपटॉप डॉकिंग करण्याजोगा असेल तर आणखी सूट. सर्व्हिस पॅक १ आल्यावर मर्यादा ओलांडल्यानंतरही तीन दिवसांची मुदत मिळू लागली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या संगणकालासुद्धा एवढी ढील पुरेशी होती. अडचण यायची ती मदरबोर्ड बदलताना. नेटवर्क, ग्राफिक्स आणि आयडीई कंट्रोलर हे तिन्ही बोर्डावरच असतील, तर एका बोर्डाबरोबर तीन खुणा जायच्या आणि प्रोसेसरही वेगळा घेतला की चौथी.

आता हेच गणित व्हर्च्युअल मशीनला लावून पाहावं. व्हीएमवेअरच्या प्रत्येक मशीनमध्ये इंटेलचा ४४०बीएक्स हा एकच चिपसेट दिसतो, जुन्या मशीनमध्ये एएमडीचं पीसीनेट हे एकच नेटवर्क कार्ड, आणि ग्राफिक्सही सगळीकडे सारखंच. नागपूरच्या मशीनची ग्राफिक्सची खूण नॉर्वेतल्या मशीनशी तंतोतंत जुळणार. वेगळेपण उरतं ते तीन-चार बाबींत: नेटवर्कचा पत्ता, डिस्कचा व्हॉल्यूम क्रमांक, दिलेली रॅम आणि खालच्या खऱ्या संगणकाचा प्रोसेसर. यातला व्हॉल्यूम क्रमांक फाइलबरोबरच कॉपी होतो. रॅम एका क्लिकसरशी बदलते. प्रोसेसर मशीन कुठे चालू केलं त्यावर अवलंबून. उरला नेटवर्कचा पत्ता. तो ठरायचा एका छोट्याशा खिडकीत.

व्हीएमवेअरचं मशीन दुसऱ्या जागी नेऊन सुरू केलं, की प्रोग्राम विचारतो: हे मशीन तुम्ही हलवलंत, की त्याची नक्कल केलीत? ‘हलवलं’ म्हटलं तर मशीनचा जुना ओळख क्रमांक आणि त्यावरून तयार केलेला नेटवर्कचा पत्ता, दोन्ही कायम राहतात. ‘नक्कल केली’ म्हटलं तर दोन्ही नव्याने तयार होतात. हा प्रश्न विचारण्यामागचं कारण पूर्णपणे वेगळं होतं. एकाच नेटवर्कवर एकाच पत्त्याची दोन मशीन आली तर गोंधळ उडतो, तो टाळायचा होता. पण त्या उत्तरावर विंडोजचा परवाना लोंबकळत राहिला. ‘नक्कल’ निवडल्याबरोबर नेटवर्कची खूण बदले आणि मर्यादा सहावरून चारवर उतरे. नव्या सर्व्हरचा प्रोसेसर वेगळ्या कंपनीचा, रॅम दुप्पट केलेली आणि सोबत जुन्या बसलॉजिक कंट्रोलरच्या जागी एलएसआय लॉजिक लावलेला, की चार भरले. विंडोज सांगे, हार्डवेअर लक्षणीय बदललं आहे, पुन्हा ॲक्टिव्हेट करा. उलट एकच ॲक्टिव्हेट केलेली फाइल दहा सारख्या संगणकांवर ठेवून दरवेळी ‘हलवलं’ म्हणणाऱ्याला फारसं कुणी अडवत नसे. ज्याने खरं उत्तर दिलं त्याला शिक्षा आणि ज्याने खोटं दिलं त्याला वाट मोकळी, अशी ही व्यवस्था होती. तिची सगळ्यांत मोठी चूक हीच.

आणि ज्यांच्यासाठी हा बंदोबस्त केला ते तर दारावर आलेच नाहीत. मोठ्या कंपन्यांना दिलेल्या एक्सपीच्या आवृत्तीला ॲक्टिव्हेशन लागत नसे. तिची एक की अधिकृत विक्रीच्या महिनाभर आधीच फुटली आणि जगभर पसरली. ‘एफसीकेजीडब्ल्यू’ ही तिची पहिली पाच अक्षरं त्या काळात संगणक दुरुस्त करणाऱ्या कितीतरी जणांना तोंडपाठ होती. पुढे मायक्रोसॉफ्टने ती बाद केली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

खरी ससेहोलपट झाली ती जुने सर्व्हर व्हर्च्युअल करताना. २००५ नंतर कार्यालयांमधले धापा टाकणारे जुने संगणक जसेच्या तसे व्हर्च्युअल मशीनमध्ये आणायचं काम सर्रास होऊ लागलं. डिस्कची हुबेहूब प्रतिमा घ्यायची आणि ती व्हीएमवेअरमध्ये सुरू करायची. इथे एक-दोन नाही, जवळजवळ सगळ्याच खुणा बदलतात. मुदत उरलेली नसेल तर एक्सपी लॉग-इनच्या दारातच थांबवतो: आधी ॲक्टिव्हेट करा. इंटरनेटवरून करावं तर नव्या व्हर्च्युअल नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नाही, म्हणजे नेटवर्कच नाही. ड्रायव्हर व्हीएमवेअर टूल्सबरोबर येतो, पण ते बसवायला लॉग-इन हवं. सेफ मोडमध्ये लॉग-इन मिळतं, पण तिथे विंडोजची इन्स्टॉलर सेवा चालू नसते, त्यामुळे टूल्स बसत नाहीत. मग उरतो फोन. पडद्यावरचे ५० आकडे सहा-सहाच्या गटाने वाचून दाखवायचे आणि पलीकडून येणारे ४२ आकडे सात चौकटींत भरायचे. शनिवारी रात्री सर्व्हर बंद करून सोमवारी सकाळपर्यंत कार्यालय चालू करून द्यायचं असलेल्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरला ते बेचाळीस आकडे फार लांब वाटत.

संगणक मोठ्या ब्रँडचा असला तर फोन करूनही उपयोग होईलच असं नव्हतं. अशा संगणकांत विंडोज कारखान्यातच भरलेलं असे आणि ते दहा खुणांऐवजी बायोसमधल्या कंपनीच्या मजकुरावरून स्वतःची खात्री करून घेई. व्हर्च्युअल मशीनचा बायोस वेगळाच, त्यात तो मजकूर कुठून येणार? शिवाय करारानुसार तो परवाना त्या एका खोक्यापुरताच होता. खोकं भंगारात गेलं की परवानाही गेला. तंत्राने हलवता येणारी गोष्ट कागदाने जागच्या जागी खिळवून ठेवली होती, आणि हे ग्राहकाला कळायचं ते बहुधा सगळं हलवून झाल्यावर.

एप्रिल २००६ मध्ये ॲपलने बूट कॅम्पची चाचणी आवृत्ती दिली आणि मॅकवर थेट विंडोज चालू लागलं. जूनमध्ये पॅरलल्स डेस्कटॉप आलं, पुढच्या वर्षी व्हीएमवेअर फ्यूजन. बूट कॅम्पमध्ये बसवलेलं तेच विंडोज पुढे या प्रोग्रामांतून खिडकीतही उघडता येऊ लागलं. पण सकाळी थेट सुरू केलेलं विंडोज एक हार्डवेअर पाही आणि दुपारी खिडकीत उघडलेलं विंडोज दुसरं. दोन्ही वेळी परवाना तोच, डिस्क तीच, माणूसही तोच. तरीही विंडोजला दरवेळी वाटे की आपल्याला कुणीतरी पळवून नेलं आहे. शेवटी या कंपन्यांनाच दोन्हीकडची ॲक्टिव्हेशनची माहिती वेगळी जपून ठेवायची सोय करावी लागली.

त्याच वर्षी व्हिस्टा या विंडोजच्या पुढच्या आवृत्तीच्या अटी बाहेर आल्या. विकत घेतलेली प्रत नव्या संगणकावर एकदाच हलवता येईल, असं ऑक्टोबर २००६ मध्ये वाचायला मिळालं. स्वतः संगणक जोडणारे लोक इतके खवळले की नोव्हेंबरच्या सुरुवातीला कंपनीने ती अट मागे घेतली. दुसरी अट मात्र टिकली: होम बेसिक आणि होम प्रीमियम या स्वस्त आवृत्त्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायच्या नाहीत. त्यासाठी बिझनेस किंवा अल्टिमेट घ्यायची. जून २००७ मध्ये ही बंदी उठणार अशी बातमी आली, ऐन वेळी निर्णय फिरला आणि अखेर जानेवारी २००८ मध्ये ती उठली. फेब्रुवारी २००३ मध्ये कनेक्टिक्सकडून व्हर्च्युअल पीसी विकत घेऊन मायक्रोसॉफ्ट स्वतःच या धंद्यात उतरली होती, आणि १९७२ पासून जगाला माहीत असलेल्या तंत्रावर घरगुती ग्राहकासाठी बंदी घालत होती. या निर्णयाचं समर्थन करणं अवघड आहे.

डेटा सेंटरमध्ये प्रश्न आणखी वेगळा झाला. नोव्हेंबर २००३ मध्ये व्हीएमवेअरने व्हीमोशन आणलं. चालू असलेलं मशीन बंद न करता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर सरकवण्याची ही करामत. दिवसातून चारदा मशीन जागा बदलू लागली, आणि परवाना मात्र सर्व्हरच्या पत्र्याला चिकटलेला. तो एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेल्यास ९० दिवस पुन्हा हलवता येत नसे. ऑगस्ट २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ४१ सर्व्हर-प्रोग्रामांसाठी ही अट शिथिल केली. खुद्द विंडोज सर्व्हर त्या यादीत नव्हता.

कंपन्यांसाठी व्हिस्टापासून केएमएस ही पद्धत आली. कार्यालयातच ॲक्टिव्हेशनचा एक सर्व्हर ठेवायचा आणि बाकीच्या संगणकांनी त्याच्याकडून १८० दिवसांची मुदत घ्यायची. मात्र किमान २५ संगणकांनी विचारणा केल्याशिवाय तो व्हिस्टाच्या संगणकांना मान्यता देत नसे. आणि त्या २५ मध्ये व्हर्च्युअल मशीन धरली जात नव्हती. चाळीस व्हर्च्युअल डेस्कटॉप चालवणाऱ्या कार्यालयाचा आकडा केएमएसच्या लेखी शून्य. २००९ मध्ये विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ आल्यावर त्यांची मोजणी सुरू झाली.

चार वर्षांनी, सर्व्हर २०१२ आर२ मध्ये, अखेर योग्य जागी बोट ठेवलं गेलं. डेटासेंटर आवृत्तीच्या होस्टवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन पोटात चालवणाऱ्या सर्व्हरवर, मायक्रोसॉफ्टच्याच हायपर-व्ही या प्रोग्राममधल्या विंडोज सर्व्हर मशीनने होस्टकडूनच ॲक्टिव्हेशन घ्यायचं आणि दर सात दिवसांनी ते नवं करायचं. घरमालकाचं बिल चालू असेल तर भाडेकरूने वेगळा मीटर मागायचा नाही, अशी ही सोय होती. इंटरनेट नको, फोन नको. घरच्या वापरकर्त्यांना दिलासा मिळायला ऑगस्ट २०१६ उजाडला. विंडोज १० चा डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडता येऊ लागला आणि ‘अलीकडे मी हार्डवेअर बदललं आहे’ हे सांगण्यासाठी पडद्यावर रीतसर जागा मिळाली. खात्यात जुन्या यंत्रांची नावं दिसतात, त्यांतलं आपलं निवडायचं. हार्डवेअर बदलणं हा गुन्हा नसून रोजचा व्यवहार आहे, हे पडद्यावर यायला एक्सपीपासून पंधरा वर्षं लागली.

क्लाउडमध्ये तर खोकं दृष्टीलाही पडत नाही, तरी हा त्रास पुरता संपलेला नाही. ॲमेझॉनच्या क्लाउडमधली विंडोज मशीन १६९.२५४.१६९.२५० या अंतर्गत पत्त्यावरच्या केएमएसकडून मान्यता घेतात. एखाद्या मशीनची प्रतिमा घेऊन ती दुसऱ्या झोनमध्ये सुरू केली, की आत जुन्या गेटवेकडे जाणारा मार्ग तसाच नोंदलेला राहू शकतो. मग त्या पत्त्यापर्यंत निरोपच पोहोचत नाही आणि पडद्याच्या कोपऱ्यात ॲक्टिव्हेट करण्याची सूचना येते. इथे खुणा तपासण्यात वेळ घालवायचा नाही. जुना मार्ग पुसायचा, नव्या गेटवेचा मार्ग घालायचा, केएमएसचा पत्ता पुन्हा नोंदवायचा आणि ॲक्टिव्हेशनची आज्ञा द्यायची. मार्ग बरोबर असेल तर पुढच्या काही सेकंदांत मान्यता येते.